सगळ्यांच्या झाऱ्या

उन्हाळ्याच्या सकाळी त्या बागेत पाऊल टाकलं, की पाखरांच्याही आधी नळ ऐकू यायचा. फाटकाच्या डाव्या हाताला सिमेंटचा ओटा, ओट्यावर एकुलता एक नळ आणि नळासमोर झाऱ्यांची रांग. बऱ्याचशा प्लास्टिकच्या, काही पत्र्याच्या, एक तांब्याची मिरवणारी, एक तोटीचं टोपण हरवलेली, एक कुणाच्या तरी नातवाने मासे रंगवलेली. खेळ संपल्यावर राजा, प्रधान, सेनापती सगळे आपापले मुकुट कपडेपटाच्या माणसाच्या अंगावर टाकून चहाला पळतात ना, तशा या झाऱ्या एका बाईंच्या गळ्यात पडलेल्या होत्या. त्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अंगाने काटक, चालणं झपझप, बाह्या दुमडलेल्या, पायात रबरी बूट. आवाज खालच्या पट्टीतला; पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्पष्ट ऐकू जाईल असा. वॉर्डात फेरी मारावी तशी त्या वाफ्यांतून फेरी मारत. झिनियाच्या रोपापाशी वाकायचं, मातीत बोट खुपसायचं, बोटाला काय लागलं ते बघायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. काकडीच्या वेलाला त्या कालची झोप कशी लागली ते विचारत. सूर्यफुलांशी त्यांचं पटत नसे. उगाच उंच होतात, शेजाऱ्याचं ऊन खातात आणि वर मान फिरवून बघतात, असा त्यांचा आरोप होता.

बाग नगरपालिकेची. पालिका सकाळपुरतं पाणी आणि एक माळी एवढं द्यायची. माळ्याकडे हिरवळ, मोठी झाडं आणि कुंपण. फुलांचे, भाज्यांचे वाफे सगळे हौशी मंडळींचे. थंडी सरता सरता ज्याने त्याने आपला वाफा निवडायचा, बी पेरायचं, आणि उन्हाळाभर ते जगवायचं. काकडी, भेंडी, घेवडा येईल तो येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही तोडून न्यावा. आता हौस ही चीज अशी, की ती थंडीत तरारते आणि ऊन तापलं की गावाला निघून जाते.

म्हणून झारीचा रिवाज. फार पूर्वी एकाचे गुलाब करपले होते. तू घालणार होतास, नाही तू घालणार होतास, यावरून दोन शेजारी जन्माचे वैरी झाले. तेव्हापासून असं ठरलं, की गावाला जाणाऱ्याने आपली झारी दुसऱ्याच्या हातात द्यायची, दोन साक्षीदारांसमोर. घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "घेतली." एकदा हा शब्द तोंडातून गेला, की झारीचा मालक स्वतः येऊन ती हाताने परत घेईपर्यंत त्या माणसाने गाव सोडायचं नाही. लग्न असो, बारसं असो. बागेत घड्याळं चुकत, तारखा चुकत. पण हा रिवाज कुणी मोडला नव्हता.

सिस्टरांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा गेला तो निवृत्तीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, गाण्याच्या बाईंसाठी. गाण्याच्या बाई म्हणजे मुलांचे समूहगानाचे वर्ग घेणाऱ्या, बोलतानाही सुरात बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे जाणार नाही ना, मग एवढं बघा. खरंच होतं. सिस्टर कुठेच जाणार नव्हत्या. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. दर उन्हाळ्याला रांग लांबत गेली. "सिस्टर आहेत ना" हे वाक्य बागेत इतक्यांदा म्हटलं जाई, की ते फाटकावरच्या पाटीवर लिहिलं असतं तरी कुणाला वावगं वाटलं नसतं.

त्यात गंमत अशी, की मंडळी गावाहून परत यायची तेव्हा यायची. बागेत मात्र यायची नाहीत; आलीच, तर ओट्याकडे फिरकायची नाहीत. बँकेतलं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं. गेल्या साली सिस्टरांना ते बाजारात दिसलं, उन्हाने रापलेलं, सुट्टी संपवून कधीच परतलेलं. सिस्टरांना बघताच नवऱ्याने कांद्याच्या ढिगामागे जे डोकं घातलं, ते भाजीवाल्याने "काय हरवलं का साहेब" असं विचारलं तरी वर काढलं नाही. झारी परत घ्यावी लागेल ना. सिस्टर गालातल्या गालात हसल्या आणि दुसऱ्या गल्लीने घरी गेल्या. तो त्यांचा स्वभाव. समोरचा लाजू नये म्हणून त्या स्वतः वळसा घ्यायच्या.

घरी भाऊ होता. सिस्टरांचं लग्न झालं नव्हतं. भावाची बायको वारली तेव्हा त्या आपली पेटी घेऊन त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या, चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून संपले नव्हते. दादा वीजकंपनीत मीटर तपासणारा. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली आणि माळ्यावर डोकावण्यात गेला. आता मात्र स्वतःच्या दाराबाहेर पडायचं नाव नाही. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीशेजारी रेडिओ. साखर कुठल्या डब्यात असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचा त्याला थोडा अभिमानही होता. सगळ्यांत धाकटी बहीण दूरच्या गावी. ती हिला ताई म्हणायची, तिचं ऐकून थोरला दादाही ताईच म्हणायचा. "ताई, तू नसतीस तर मी कधीच गेलो असतो," असं तो भरल्या ताटावर म्हणायचा. बोलणं मनापासूनचं. पण सिस्टरांना ऐकताना असं वाटायचं, की कुणीतरी बाहेरून कडी घालतंय आणि घालताना गोड बोलतंय.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डोळ्याला पट्टी, वाकायला बंदी. झाऱ्या तर हातात. रिवाजाप्रमाणे गाव सोडलं नव्हतं, पण बागेतही जाता येईना. त्यांनी गाण्याच्या बाईंना निरोप दिला, जरा लक्ष ठेवा. गाण्याच्या बाई सकाळी लवकर गेल्या आणि अपराधी मनाने सगळ्या वाफ्यांना भरभरून पाणी घालून आल्या. त्यांच्यामागून बँकवाले आले. त्यांना वाटलं, सिस्टर आजारी, कुणाचं लक्ष नसणार. त्यांनीही घातलं. मग बागेच्या मंडळाचे अध्यक्ष आले, दातांचे डॉक्टर, त्यांनी दवाखाना उघडायच्या आधी घातलं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच जागे आहोत. आणि कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की झारी गळ्यात पडायची. सिस्टर पट्टी काढून बागेत आल्या तेव्हा झिनियाची रोपं मुळापासून कुजून आडवी पडली होती आणि भेंडीच्या वाफ्यात बेडूक.

सगळे खाली मान घालून उभे होते. माळी एकटा हसत होता. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की बघा सिस्टर, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस वाकून नमस्कार करतो, सवयीने. सिस्टरही वाकल्या. वाकल्यावर त्यांना मेलेली रोपं जवळून दिसली.

या उन्हाळ्यात मात्र धाकटीचा फोन आला. तिचा मुलगा परदेशी स्थिरावला होता, तो आईला कायमची घेऊन जाणार होता. उन्हाळा संपायच्या आत घर रिकामं करायचं होतं. त्या घरात सिस्टर आजवर एकदाही राहिल्या नव्हत्या. दर वर्षी येते म्हणायच्या, दर वर्षी झारी आडवी यायची, नाहीतर दादा. धाकटी रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, या वेळी नाही आलीस तर मग मी तुला कुठल्या पत्त्यावर बोलावू?"

सिस्टरांनी त्याच दुपारी बसचं तिकीट काढलं आणि रबरी बुटात लपवून ठेवलं. चोरी केल्यासारखं.

बागेत उन्हाळी कार्यक्रमांची धामधूम होती. रविवारी खत कसं करावं यावर व्याख्यान, मुलांची सूर्यफुलाची उंची मोजण्याची स्पर्धा, संध्याकाळी दिव्यांच्या माळांखाली गाणी, रोपांची अदलाबदल. प्रत्येक ठिकाणी सिस्टर हव्यात. मोजपट्टी त्यांनी धरायची, मूल पडलं तर गुडघा त्यांनी पुसायचा, पाण्याचे पेलेही त्यांनीच. व्याख्यानाच्या शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, की यंदा मंडळ सिस्टरांचा सत्कार करणार. शाल, मानपत्र आणि रोपवाटिकेच्या छपराला त्यांचं नाव. तारीख सांगितली. ती नेमकी बसची तारीख होती.

सिस्टर उठून हळू आवाजात म्हणाल्या, की त्या दिवशी मला बाहेरगावी जायचंय. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग अध्यक्ष हसले, मग सगळे हसले, एखाद्या गंभीर नटाने अचानक विनोद करावा आणि सभागृहाने तो डोक्यावर घ्यावा तसे. एक बाई म्हणाल्या, इश्श, सिस्टर आणि बाहेरगावी. सिस्टरांनी मग ओट्यावरच्या रांगेकडे हात केला आणि विचारलं, यातली कोण कुठली घेतं. हसू थांबलं. कुणी बुटाची नाडी बांधायला लागलं, कुणी ढगांकडे बघू लागलं. आभाळात एकही ढग नव्हता. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, बस काय, रोज असते.

त्या संध्याकाळी दादालाही त्यांनी सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. खिडकीकडे बघतच विचारलं, की मग माझ्या जेवणाचं काय. सिस्टर म्हणाल्या, खालच्या मजल्यावरच्या बाई डबा देतील. "त्यांच्या हातचं मला पचत नाही," दादा म्हणाला. त्यांच्या हातचा घासही त्याने कधी खाल्ला नव्हता.

सिस्टर खोलीत येऊन बसल्या. खिडकीला जाळी होती, जाळीला धूळ. बागेत झाऱ्या, घरात डबे. आपण कुणाचं काही देणं लागत नाही, तरी जामिनावर सुटल्यासारखं वागतो, हजेरी लावतो, गाव सोडत नाही, हे त्यांच्या मनात प्रथमच इतक्या उघड शब्दांत आलं. आपल्याला कुणी डांबलेलं नाही. प्रत्येक वेळी "घेतली" आपणच म्हणालो. या विचाराने सुटका वाटायला हवी होती; उलट छातीवर ओझं पडलं, कारण आता भांडायला समोर कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याला जे दिसलं ते तो पुढे महिनाभर सांगत होता. सिस्टरांनी त्याची ढकलगाडी मागून घेतली, सगळ्या झाऱ्या त्यात रचल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली. रिवाजात मालकाने येऊन परत घ्यायची असं होतं. मालकाच्या दारी नेऊन द्यायची नाही, असं कुठेच नव्हतं. आणि मालक तर सगळे केव्हाच गावाहून परतले होते.

पहिलं दार बँकवाल्यांचं. आत टीव्ही चालू होता, घंटी वाजताच तो बंद झाला. बाईचा दबका आवाज आला, घरी नाही म्हणून सांग. पुरुषाचा आवाज आला, कसं सांगू, बंद दारातून? सिस्टरांनी वॉर्डात रात्रीच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला आणि म्हणाल्या, मी वाट बघून परत जाणार नाही, झारी देऊन जाणार आहे. दार उघडलं. समोरच्या बिऱ्हाडातले दोघे जिन्यात येऊन उभे राहिले, ते साक्षीदार झाले. नवऱ्याने झारी घेतली. बायको म्हणाली, आम्ही कालच आलो हो. सिस्टरांनी नेहमीसारखा वळसा घेतला नाही. "तीन आठवड्यांपूर्वी आलात," त्या म्हणाल्या, आणि खाली उतरल्या.

दातांच्या डॉक्टरांकडे पेशंट खुर्चीत होता, तोंड उघडं, त्यात दोन नळ्या. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आत्ता? सिस्टरांनी तांब्याची झारी पुढे धरली. डॉक्टरांचे दोन्ही हात हातमोज्यांत. साक्षीदार म्हणून मदतनीस मुलगी होती आणि खुर्चीतला पेशंट होता. डॉक्टर म्हणाले, सत्काराचं तरी बघा, मानपत्र छापून आलंय. सिस्टर म्हणाल्या, पोस्टाने पाठवा. पेशंटने, त्याला काय समजलं देव जाणे, उघड्या तोंडाने जोरजोरात मान हलवली. डॉक्टरांनी झारी घेतली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून हात धुवायच्या भांड्यात ठेवली.

शेवटी गाण्याच्या बाई. त्यांनी दार लगेच उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. खोटं बोलल्या नाहीत. महिना झाला येऊन, म्हणाल्या; येणार होते, पण पाय उचलेना. मग त्यांचे डोळे भरले.

"तुमच्या हाताला गुण आहे, सिस्टर. मी घातलं की मरतात हो ती. गेल्या वर्षी पाहिलंत ना?"

"मरू देत."

गाण्याच्या बाईंनी कानांवर विश्वास नसल्यासारखं पाहिलं. ज्या बाईने आयुष्यभर मरणाऱ्यांच्या उशाशी हार मानली नाही, तिच्या तोंडी हे शब्द. सिस्टरांनाही ते ऐकून धक्का बसला असावा, कारण त्यांनी पेला टेबलावर जरा जोरात ठेवला. मग सावकाश म्हणाल्या, "मरतील, तुम्ही परत लावाल. तुमचा वाफा आहे, बाई. माझा नाही." शेजारच्या दोन मुलींना बोलावून साक्षीदार केलं, आणि मासे रंगवलेली झारी गाण्याच्या बाईंच्या हातात गेली.

उरली सिस्टरांची स्वतःची. ती आजवर कुणाला द्यायची वेळच आली नव्हती. आणि आता ती घ्या म्हणायला त्यांची जीभ रेटेना. ज्या दोऱ्यांनी आपल्याला काचलं, त्या दुसऱ्याला कशा बांधायच्या? निघायच्या आदल्या दिवशी त्या बागेत गेल्या आणि आपल्या वाफ्यातल्या काकड्या, कोवळ्या, जून, सगळ्या तोडल्या. फिरायला येणाऱ्यांना वाटल्या. मग वेल मुळासकट उपटले. भेंडी उपटली. बहरातली झिनिया उपटताना हात थबकला, पण थांबला नाही. ढिगारा खतात टाकून त्यांनी माती सारखी केली. ऐन उन्हाळ्यात, भरल्या बागेच्या मधोमध, तो तेवढा वाफा उघडा. माळी म्हणाला, सिस्टर, वाईट दिसतं हो. त्या म्हणाल्या, दिसू दे, याला आता कुणी लागत नाही.

माती अशी मोकळी करता येते. घर तसं मोकळं करता येत नाही. दादाने दोन दिवस अबोला धरला होता. निघायच्या सकाळी सिस्टरांनी त्याला साखरेचा डबा दाखवला, गॅसचं बटण दाखवलं. तो लहान मुलासारखा दुसरीकडे बघत राहिला. बॅग दाराशी आली तेव्हा तो बोलला.

"मीटर बघायला गेलो की लोक म्हणायचे, लवकर बघा आणि निघा. एवढ्या वर्षांत मला कुणी बस म्हटलं नाही, ताई. तू म्हणतेस." मग खिडकीकडे तोंड करून, "परत येशील ना?"

सिस्टरांना वाटलं होतं, तो जेवणाचं विचारेल. जेवणाचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण कधी, ते विचारू नकोस. एवढं एक नको विचारूस."

दादाने विचारलं नाही. त्याने बॅग उचलली आणि एका मजल्याचा जिना उतरून दिली. तिथे त्याला धाप लागली. पुढची त्यांनी स्वतः नेली.

बस सुटली. खिडकीतून गाव मागे पडत गेलं, घाटासारखी वळणं आली, मोकळी रानं आली. शेजारच्या बाईने त्यांना दोनदा काही विचारलं, त्यांनी भलतीच उत्तरं दिली. डोळ्यांसमोर ओळीने वाफे येत होते. बँकवाले आज गेले असतील का? डॉक्टर तांब्याची झारी धुवायच्या भांड्यातून काढतील का? की आजही सगळे एकमेकांना न सांगता गेले असतील आणि सगळं बुडवून आले असतील? शरीर बसमध्ये बसलं होतं आणि सिस्टर अजून ओट्यापाशीच उभ्या होत्या.

धाकटीच्या घरात खोकी होती. भिंतींवर फोटो काढल्याच्या चौकोनी खुणा. दोघी बहिणी जमिनीवर बसून कपबशा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होत्या, लहानपणच्या आठवणी काढून हसत होत्या, एकमेकींच्या पिकल्या केसांवरून टोमणे मारत होत्या. पहाटे मात्र ताईंना नळाच्या वेळी जाग यायची आणि त्या खाटेच्या काठावर बसून राहायच्या. "इथे काही लावलेलं नाही, ताई. पड," धाकटी अंधारातून म्हणायची. त्या पडायच्या. डोळे उघडे.

चौथ्या की पाचव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. फोन धाकटीने उचलला. ताईंनी मानेनेच नको म्हटलं. धाकटी गोड आवाजात म्हणाली, ताई झोपलीय. ताई भर दुपारी, टक्क जाग्या, हातात कप घेऊन, पलीकडून काय ऐकू येतंय ते कान देऊन ऐकत होत्या. ऐकू काही आलं नाही. धाकटीने "हो, हो, सांगते" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. कधी येतेस, एवढंच."

"बागेचं काही बोलले?"

"नाही बोलले."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई."

काही बोलले नाहीत, म्हणजे सगळं ठीक असेल. किंवा सगळं गेलं असेल आणि सांगायला जीभ धजावली नसेल. फोन हाताच्या अंतरावर होता. एकदा उचलला की कळलं असतं, आणि कळलं असतं तर संध्याकाळची बसही होती. ताईंनी हातातला कप कागदात गुंडाळला, नीट, चारही बाजूंनी. मग तो खोक्यात ठेवायला हात पुढे केला, आणि बराच वेळ तसाच धरून बसल्या. धाकटीने तो त्यांच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला आणि पुढची बशी त्यांच्यापुढे सरकवली.